अँजिओग्राफी साफ, तरी छातीत भरून येतं: बारीक रक्तवाहिन्यांचा आजार कसा तपासतात?

रानजाई
मावशीचं वय ५६, वजन ६५ किलो. बारा वर्षांपासून बीपी, तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१. जिना चढताना छातीत भरून येतं, कळ जबड्यापर्यंत जाते आणि थांबल्यावरही १५–२० मिनिटं राहते. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह, टू-डी इकोत ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ६०. अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल कोरोनरीज, एलएडीत स्लो फ्लो’, म्हणजे हृदयाच्या धमन्या साफ, पण पुढच्या मोठ्या धमनीत प्रवाह मंद. जिभेखालच्या सॉर्बिट्रेट गोळीनं फारसा फरक नाही. घरात सगळ्यांचं म्हणणं, गॅस नाहीतर टेन्शन. हा बारीक वाहिन्यांचा आजार असू शकतो का? तो सिद्ध कसा करतात, आणि नुसता सोडून दिला तर काय होतं?

उभाधागा
असू शकतो, आणि तुम्ही लिहिलेलं वर्णन त्याच्याशी चांगलंच जुळतं. रिपोर्ट साफ आहे तो मोठ्या नळ्यांचा. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या धमन्या दिसतात. त्यापुढे फाटे फुटत स्नायूत शिरणाऱ्या वाहिन्या त्या चित्रात येतच नाहीत, आणि स्नायूला किती रक्त पोचायचं ते मुख्यतः त्याच ठरवतात. श्रम पडले की त्या रुंद होतात आणि निरोगी हृदयात प्रवाह तिप्पट-चौपट होऊ शकतो.

बिघाड दोन तऱ्हेचा असतो. बीपी आणि साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, काही तर नाहीशाच होतात. दुसऱ्या तऱ्हेत आतलं अस्तर पुरेसं नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, म्हणून रुंद व्हायच्या वेळी वाहिन्या आवळतात. थंडीत, पहाटे किंवा रागाच्या भरात बसल्याजागी कळ येते, तिच्यामागे बहुधा ही दुसरी तऱ्हा असते. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. पाळी गेल्यानंतरच्या बायकांत हा आजार जास्त सापडतो. तंबाखू, सिगारेट आणि मिश्रीही हेच अस्तर खराब करतात. मिश्री लावायची सवय असेल तर ती डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण बायकांना तंबाखूचं सहसा कुणी विचारत नाही.

‘टेन्शन’ हा शिक्का जुना आहे. १९७३ मध्ये अशा रुग्णांसाठी ‘सिंड्रोम एक्स’ असं नाव आलं आणि निरुपद्रवी म्हणून त्यांना घरी पाठवणं पुढे बरीच वर्षं चाललं. आज आपल्याला माहीत आहे की यात हार्ट अटॅकचा धोका वाढतो. हार्ट फेल्युअरचाही वाढतो, विशेषतः ज्यात ईएफ चांगला राहतो त्या प्रकारचा: स्नायू आकुंचन नीट पावतो पण सैल पडत नाही, आणि चालताना धाप लागते. अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची २०१८ मध्ये तपासणी झाली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांत बारीक वाहिन्यांचा बिघाड आढळला. म्हणून ईएफ ६० आहे एवढ्यावर समाधान मानू नका. इको पुन्हा कराल तेव्हा ‘डायास्टोलिक फंक्शन’ नीट बघायला सांगा, आणि धाप असेल तर रक्तात एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी तपासणी).

तारेचंटोक
तपासणीचं मी सांगतो. आधी ‘स्लो फ्लो’ तपासून घ्या, त्याला खर्च नाही. अँजिओग्राफीच्या फिल्ममध्ये डाय (सोडलेला रंग) धमनीच्या तोंडाशी आल्यापासून टोकाला पोचेपर्यंतच्या फ्रेम मोजतात. ३० फ्रेम प्रतिसेकंद धरून हिशेब असतो. एलएडी लांब असल्यानं तिचा आकडा १.७ ने भागतात. उत्तर २७ च्या वर गेलं तर प्रवाह मंद. इथे चूक होते ती अशी: बऱ्याच कॅथलॅब (अँजिओग्राफीच्या खोल्या) १५ फ्रेमवर चित्रण करतात, आणि आकडा दुप्पट करायचा राहून जातो. अर्थात हा नुसता इशारा आहे, निदान नाही.

निदानाची खरी तपासणी कॅथलॅबमध्ये होते. टोकाजवळ दाब आणि तापमान मोजणारी ०.०१४ इंची तार एलएडीत नेतात. खोलीच्या तापमानाचं ३ मिली सलाइन झटकन सोडतात आणि ते तारेच्या टोकापर्यंत किती सेकंदांत पोचलं ते मोजतात. आधी विश्रांतीत तीनदा, मग शिरेतून अॅडेनोसिन (बारीक वाहिन्या रुंद करणारं औषध) चालू ठेवून तीनदा. अॅडेनोसिनचा डोस किलोमागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६५ किलोला मिनिटाला ९.१ मिग्रॅ. समजा विश्रांतीत सरासरी ०.७ सेकंद आणि अॅडेनोसिनवर ०.४ आली. ०.७ भागिले ०.४ म्हणजे १.७५, हा सीएफआर: प्रवाह किती पट वाढला ते. २ च्या खाली नक्कीच कमी. अॅडेनोसिनवर तारेच्या टोकाशी दाब ८० असेल तर ८० गुणिले ०.४ म्हणजे ३२, हा आयएमआर: बारीक वाहिन्या प्रवाहाला किती विरोध करतात ते. २५ किंवा वर म्हणजे बारीक वाहिन्यांचा विरोध वाढलेला. आवळण्याचा प्रकार शोधायला त्याच बैठकीत अॅसिटिलकोलीन हे औषध देतात, पण ती सोय थोड्याच ठिकाणी असते.

तार नको असेल तर पेट स्कॅन किंवा स्ट्रेस एमआरआय. तिथेही बहुतेक अॅडेनोसिनच देतात, आणि गाडं अडतं ते चहावर. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद ठेवायचं. कॅफिन पोटात असलं की अॅडेनोसिनचा असर बसत नाही आणि आकडा खोटा येतो. दम्यासाठी घेतलेल्या डेरिफायलिनचंही तेच. मुळात दमा असेल तर अॅडेनोसिन द्यायचं की नाही, हे आधी ठरवावं लागतं.

गोळ्यांचाडबा
तपासणीचा उपयोग औषध निवडायला होतो. स्कॉटलंडमध्ये १५१ रुग्णांवर झालेला ‘कॉरमिका’ अभ्यास २०१८ मध्ये आला. तारेच्या तपासणीनुसार औषध दिलेल्यांची छातीतली कळ सहा महिन्यांत बाकीच्यांपेक्षा चांगलीच कमी झाली.

आकडे वरच्या उदाहरणासारखे आले तर सुरुवात सहसा ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीनं होते: नेबिव्होलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः ठोक्यांमधल्या विसाव्यात, ठोके मंदावले की तो विसावा लांबतो. याउलट वाहिन्या आवळत असतील तर त्या सैल करणारी डिल्टियाझेमसारखी गोळी. ही दोन्ही एकत्र सुरू झाली तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते, म्हणून दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकांशी ताडून बघा. सोबत स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रॅमिप्रिल (बीपीची). रॅमिप्रिलनं कोरडा खोकला लागला तर टेल्मिसार्टन. यानंही कळ राहिली तर रॅनोलाझिन किंवा निकोरँडिल या कळीवरच्या गोळ्या. रॅनोलाझिनवर असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेऊ नये. निकोरँडिलनं तोंडात चिघळलेले छाले आले तर ते बी-कॉम्प्लेक्सनं जात नाहीत, गोळीच बदलावी लागते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासा. हिमोग्लोबिन ८–९ असेल तर ते वाढवल्याशिवाय यातल्या कुठल्याच गोळीचा पुरता गुण येणार नाही.

रानजाई
सॉर्बिट्रेटनं आराम पडत नाही, म्हणजे दुखणं हृदयाचं नाही असं फॅमिली डॉक्टर म्हणाले. मग ती गोळी जवळ ठेवायची की नाही?

उभाधागा
तो निष्कर्ष बरोबर नाही. सॉर्बिट्रेट मोठ्या धमन्या चांगल्या रुंद करते, बारीक वाहिन्यांवर तिचा असर कमी. गुण आला नाही म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. डॉक्टरांनी दिली असेल तर जवळ ठेवा: ५ मिग्रॅ, बसून, जिभेखाली. वरचं बीपी १०० च्या खाली असेल तर नको. मावशींची कळ एरवीही १५–२० मिनिटं राहते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कळीचं रूप बदललं का ते बघायचं. बसल्याजागी आली, नेहमीपेक्षा लांबली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८. हॉस्पिटलात ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करायलाच हवं, अँजिओग्राफी महिन्यापूर्वी साफ आली असली तरी.

आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना अँजिओग्राफीची सीडी न्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही, फ्रेम मोजायला फिल्मच लागते.