ब्रशच्या वळणाचा टंक (फॉन्ट): हस्ताक्षर की हस्ताक्षराची नक्कल?

लालबागचा रंगारी:
‘ब्रशच्या वळणाच्या टंकांनी पाटी रंगवणाऱ्यांची कला जिवंत ठेवली, त्यांनी उपकार मानावेत,’ असे काल येथे कोणी लिहिले; ते मला सोसवले नाही. माझ्या वडिलांनी हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. खडूची पूड लावलेली दोरी ताणून ते आधी शिरोरेषा आखत, आणि ‘बाबा’ लिहिताना दुसऱ्या ‘ब’चे पोट पहिल्यासारखे कधीच उतरत नसे, कारण तोवर ब्रशातला रंग कमी झालेला असे. परवा एका फलकावर ‘दादा’ वाचले. दोन्ही ‘द’च्या शेपटीला कोरड्या ब्रशचा तोच ओरखडा, त्याच जागी! याला कला म्हणायचे?

टंकप्रेमी, पवई:
हा दोष अर्धवट कामाचा आहे, टंकप्रकाराचा नव्हे. एका अक्षराची दोन-तीन रूपे टंकात ठेवता येतात आणि शेजारचे अक्षर पाहून ती आपोआप बदलतात. देवनागरीत मात्र जोडाक्षरे धरून शेकडो आकार काढावे लागतात, शिवाय शिरोरेषेची कड खडबडीत ठेवली की दोन अक्षरांच्या सांध्यावर पायरी दिसू लागते. एवढे कष्ट घेणाऱ्यांना तुम्ही नक्कल करणारे ठरवता, हे अन्यायाचे आहे.

दादरची वाचक:
ओरखड्यांवरून वाद घालताना ‘ल’ आणि ‘श’ यांच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे स्वीकारली, तरी नवा टंक उघडावा तर समोर हिंदी वळण! शाळेत मुलाने गिरवायचे एक आणि रस्त्यावर वाचायचे दुसरे.

टंकप्रेमी, पवई:
युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. मजकुराची भाषा मराठी निवडली आणि टंकात सोय असली, की रूप बदलते.

दादरची वाचक:
बॅनर छापणाऱ्या दुकानातला मुलगा भाषा निवडत बसेल, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. मराठीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या टंकात मराठी वळण आधी दिसले पाहिजे. ते शोधून काढण्याचे काम आमच्यावर का?

टंकप्रेमी, पवई:
हे मान्य करावे लागेल. मात्र विषय ब्रशचा होता.

लालबागचा रंगारी:
विषयावर मीच येतो. वडील गेले तेव्हा मंडळाने लावलेल्या फलकावर ब्रशच्याच टंकात ‘श्रद्‌धांजली’ होते. ‘द्ध’ तुटलेला, ‘द’चा पाय मोडून लोंबकळत होता. ज्या माणसाने जन्मभर जोडाक्षरे घोटली, त्याच्या फोटोखाली ते तेरा दिवस राहिले. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके काढली, त्यांत प्रत्येक नाटकाला स्वतःचे अक्षर मिळाले. त्या जागी तयार टंक मला कधीच पटणार नाही. वडापावच्या गाडीवर दोन शब्दांपुरता तो चालेल, एवढेच मी कबूल करतो. तेही ‘द्ध’ नीट जुळत असेल तर.

टंकप्रेमी, पवई:
तो टंक कोणता होता, ते कळवावे. ‘द्ध’ तुटत असेल, तर तो विक्रीला ठेवायलाच नको होता.