सीटी रिपोर्टमध्ये लहान आतडं २.७ सेंमी: पुन्हा तपासणी करावी का?

चहाबाज:
मंडळी, सल्ला हवाय. बाबा ६७ वर्षांचे. मूतखड्याच्या संशयावरून पोटाचा सीटी स्कॅन केला. खडा निघाला नाही, पण रिपोर्टात लिहिलंय की लहान आतड्याची वेटोळी किंचित फुगलेली आहेत, जास्तीत जास्त २.७ सेंमी. नेटवर एके ठिकाणी मर्यादा २.५ सेंमी आहे, दुसरीकडे ३. बाबा तेव्हापासून जेवताना पोटाकडे बघत बसतात. परत सीटी करावा की एमआरआय? जुनं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आहे.

क्षकिरण:
रेडिओलॉजीत आहे, म्हणून लिहितो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, तपासण्या वेगळ्या आहेत. साध्या एक्स-रेत किरण पसरत जातात, त्यामुळे पोटातली वस्तू फिल्मवर थोडी मोठी उमटते. तिथे आम्ही ३-६-९ धरतो: लहान आतडं ३ सेंमी, मोठं ६, सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी ९. सीटीत तसं मोठं दिसत नाही, म्हणून बरेच जण लहान आतड्याला २.५ सेंमी मानतात, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत.

शिवाय माप घेताना रेघ आतड्याच्या आडवी, काटकोनातच हवी. वेटोळं तिरकं कापलं गेलं तर गोल भागही लंबगोल दिसतो, आणि लांब बाजू मोजली की आकडा फुगतो. काकडी तिरकी चिरली की चकती मोठी निघते ना, तसंच. आतडं सतत हलतही असतं, एकच जागा मिनिटभरात १ सेंमीवरून २ वर जाऊ शकते. म्हणून नुसत्या २.७ वरून मी काहीच ठरवणार नाही. फुगलेला भाग एका ठिकाणी अचानक संपून पुढचं आतडं रिकामं पडलंय का, हे बघा, ती अडथळ्याची खूण. रिपोर्टात तसं लिहिलंय?

तिरफळ:
मला क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार) आहे, त्यामुळे या तपासण्यांचा कंटाळा येईपर्यंत अनुभव. वारंवार बघायचं असेल तर एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास एमआरआय, किरणोत्सर्ग नाही. आधी तासाभरात लिटर-दीड लिटर मॅनिटॉलचं पाणी प्यावं लागतं, नंतर दिवसभर बाथरूमच्या जवळपास राहा! पण फुगवूनच भिंतीची जाडी नीट कळते. पूर्ण फुगलेल्या लहान आतड्याची भिंत साधारण ३ मिमीच्या आत असते, मिटलेली असेल तर निरोगी भिंतही जाड वाटते.

ओसरी:
आधी सोनोग्राफी करून बघा की, स्वस्तात पडेल. एवढे हजारो रुपये कशाला?

क्षकिरण:
ओसरी, गॅस आडवा आला की सोनोग्राफीत काही दिसत नाही. पण हात चांगला असेल तर आतडं हलताना दिसतं, अडथळ्यात याचा उपयोग होतो. मोठ्या आतड्याचे आकडे मात्र सीटी कोलोनोग्राफीतले (मोठ्या आतड्याचा खास सीटी) घेऊन तुलना करू नका. तिथे मुद्दाम हवा भरलेली असते, ती आतड्याची रोजची रुंदी नव्हे.

चहाबाज:
रिपोर्टात अडथळ्याची जागा नाही असं स्पष्ट लिहिलंय. बाबांना उलटी नाही, वजन तेवढंच, शौचाला रोज होतं. पोट अधूनमधून गुरगुरतं. सीकमचं ९ ऐकून ते अजून घाबरले.

क्षकिरण:
मग लगेच पुन्हा सीटी नको. सगळी सीडी घेऊन, नुसता कागद नाही, पोटाच्या डॉक्टरांकडे जा. जुना स्कॅन असेल तर तोही न्या, त्यांच्याच आधीच्या आतड्याशी तुलना सगळ्यात उपयोगी. सीकमचं ९ त्यांच्याशी संबंधित नाही, तिथे खरी धास्ती १२ सेंमीच्या वर वाटते, कारण व्यास वाढला की भिंतीवरचा ताण वाढतो आणि फाटायची भीती असते.

एक मात्र सांगून ठेवतो. ऑपरेशन झालेल्या पोटात आतडी चिकटून अडथळा येऊ शकतो. पोट टम्म फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या.

चहाबाज:
धन्यवाद. सीडी सापडली, सोमवारी जातोय.