दहावीचे भौतिकशास्त्राचे प्रयोग: सामान नाशकात कुठून आणायचं आणि ५८ मुलांना कसं पुरवायचं?

म्हसरूळची_मॅडम (प्रश्न)

नमस्कार सर्वांना. दिंडोरी रोडच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीचं विज्ञान भाग १ शिकवते. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची. पान, खोड, सूक्ष्मदर्शक म्हणाल तर तासन्‌तास बोलेन. भिंगं आणि विद्युत चलित्र (मोटर) गळ्यात पडलंय, कारण शाळेत विज्ञानाला मी एकटीच.

कपाटात दोन अ‍ॅमीटर आहेत, त्यातल्या एकाचा काटा शून्यावर येतच नाही. काचेच्या चिपा चार. बहिर्गोल भिंग एक, तेही कड उडालेलं. तुकडीत ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. प्रयोगवही पोरं ताईदादांच्या जुन्या वहीवरून उतरवतात, आकड्यांसकट. न केलेल्या प्रयोगाचं उत्तर इतकं अचूक येतं की तपासताना हसू येतं.

मुख्याध्यापक ५,००० रुपये द्यायला तयार आहेत. एक विक्रेता फोमच्या खाचांत वस्तू बसवलेली छान पेटी दाखवून गेला: एक मोटर, एक भिंग, एक प्रिझम, एक चुंबक. घ्यावी का? नाहीतर त्या पैशांत काय घ्यावं? महागडी लॅब नकोय, मुलांच्या हातात काहीतरी पडायला हवं.

आणि एक छोटी शंका. पाणी उकळायला ठेवलं तर आमचा थर्मामीटर ९८ वर थांबतो. पुस्तकात १००. मुलांना वहीत काय लिहायला सांगू?

---

भद्रकालीचे_मास्तर

ताई, पेटी घेऊ नका. पेटीतली एक मोटर मास्तर टेबलावर फिरवून दाखवतो आणि मागच्या बाकावरच्या पोराला फक्त मास्तरची पाठ दिसते. मी निवृत्त झालो तेव्हा शाळेच्या माळ्यावर अशा पेट्या होत्या, फोमसुद्धा नवाकोरा. एकच वस्तू, पण बारा नग, असा हिशेब धरा. बारा गट झाले की एका गटात पाचच मुलं येतात.

भिंगापासून सुरुवात करा. विज्ञान साहित्याच्या दुकानात न जाता सरळ चष्मेवाल्याकडे जा आणि प्लस पाच नंबरची, फ्रेमसाठी न कापलेली गोल काच मागा. प्लास्टिकची मिळेल, उत्तमच, पडली तरी फुटत नाही. प्लस पाच म्हणजे शक्ती ५ डायऑप्टर, म्हणजे नाभीय अंतर (लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्यावर पडते ते) १०० भागिले ५, २० सेंमी. ‘भिंगाची शक्ती’ हा मुद्दा तिथेच अर्धा शिकवून होतो, कारण आजीच्या चष्म्याचा नंबर प्रत्येकाच्या घरात असतो. पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःहून घरातल्या चष्म्यांचे नंबर विचारून येतात आणि आजोबांच्या प्लस अडीचचं नाभीय अंतर ४० सेंमी काढून दाखवतात.

वर्गात आधी आकडे नकोत. खिडकीकडे भिंग धरायला सांगा, मागे वहीचा कोरा कागद. बाहेरचं झाड उलटं होऊन कागदावर उतरलं की जो गलका होतो तो होऊ द्या. मग पट्टीने भिंग ते कागद अंतर मोजायचं, २० च्या आसपास येतं. दुसऱ्या तासाला पडदे ओढून मेणबत्ती. मेणबत्ती आणि पडदा यांत ९० सेंमी अंतर ठेवा, दोन्ही हलवायचे नाहीत, फक्त भिंग सरकवायचं. मेणबत्तीपासून ६० सेंमीवर लहान स्पष्ट प्रतिमा मिळते. भिंग मेणबत्तीकडे सरकवत ३० वर आणलं की पुन्हा स्पष्ट, पण मोठी. हे दोनदा का होतं, हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे, तुम्ही घाई करू नका. चिन्हसंकेत त्यानंतर शिकवा. १/३० अधिक १/६० बरोबर १/२० असं हाताने मोजलेलं आलं की उणे चिन्ह कुठून आलं ते समजावणं सोपं जातं. शेवटी भिंग मेणबत्तीपासून १५ सेंमीवर ठेवायला लावा आणि पडद्यावर प्रतिमा शोधत बसू द्या. सापडत नाही. आभासी प्रतिमा म्हणजे काय, ते तेव्हा सांगा.

मोटरसाठी मोटर वाइंडिंगवाल्याकडून २२ गेजची तार वजनावर घ्या. बाकी मोठे सेल, सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधली गोल चुंबकं आणि पंक्चरवाल्याकडची फेकलेली सायकल ट्यूब. ट्यूबच्या कापलेल्या रिंगने पिना सेलच्या दोन्ही टोकांना घट्ट बसतात. तारेचे सेलभोवतीच दहा-बारा वेढे घ्यायचे, वेटोळं काढून घ्यायचं आणि त्याची दोन टोकं पिनांच्या छिद्रांत अडकवायची, खाली सेलवर चुंबक. सगळी मेख तारेच्या टोकांवरचं वार्निश खरवडण्यात आहे: एका टोकाचं चारी बाजूंनी काढायचं, दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं नुसतं मागेपुढे डुलतं, कारण अर्ध्या फेरीनंतर बल त्याला उलट फिरवू लागतं. अर्धं वार्निश तेवढ्या वेळापुरता प्रवाह तोडतं. पुस्तकातल्या मोटरच्या दोन अर्ध्या कड्या प्रवाहाची दिशा उलटवतात, इथे आपण तो नुसता बंद करतो. हा फरक हुशार पोर पकडतं, पकडू द्या. वेटोळं फिरायचं थांबलं की सेल लगेच काढा, तापतो.

५८ मुलं एकदम उठवू नका. जोडतास मागून घ्या, निम्मी बाकावर प्रश्न सोडवतील, निम्मी प्रयोग करतील, मग अदलाबदल.

आता तुमचे ९८. वहीत ९८ च लिहायचं! नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी दोन अंश आधी उकळतं. पण त्याआधी थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का ते बघा. बर्फात १ दाखवत असेल तर तुमचे ९८ खरे ९७ असण्याची शक्यता आहे. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, हाच आकडा ९४-९५ च्या घरात येईल. पुस्तक १०० म्हणतं ते एक वातावरण दाबाला, आणि तो दाब मुंबईत असतो, म्हसरूळला नाही.

---

पोर्शन_पूर्ण

मास्तर, वाचायला छान वाटतं. पण जानेवारीत सराव परीक्षा, त्यात इतर कामं, आणि लेखी पेपर ४० गुणांचा. गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येतात. मुलांना बोर्डात गुण हवेत, पालकांनाही तेच हवं. वर्षातून एखादा प्रयोग ठीक आहे.

---

भद्रकालीचे_मास्तर

सर, गुणांचंच बोलतो. किरणाकृती पाठ केलेल्या पोराला वस्तू 2F1 च्या (नाभीय अंतराच्या दुपटीच्या) पलीकडे म्हटलं की चालतं, ६० सेंमी म्हटलं की अडतं. भिंग सरकवलेल्याला दोन्ही जमतं. प्रत्येक धड्याला प्रयोग करा असं मी म्हणतच नाही. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात ग्रहांच्या कक्षांवर हाताने करण्यासारखं फार काही नाही, तो फळ्यावरच शिकवा. भिंगं, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता हे तीन धडे मात्र कोरडे शिकवू नका. शेजारच्या सरांना पहिल्या दिवशी आत बोलावून एक भिंग हातात द्या, प्रश्न मिटतो.

---

सिन्नर_नववी_ब

नववीच्या ध्वनीसाठी माझ्याकडून एक भर. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यातलं ध्वनीवर चालणारं स्टॉपवॉच फक्त मायक्रोफोनवर चालतं, त्यामुळे स्वस्तातला फोनही पुरतो. शाळेत मुलांना मोबाइलला बंदी, म्हणून मी माझा आणि क्लार्कभाऊंचा असे दोन फोन घेते. व्हरांड्यात दोन्ही फोन १० मीटर अंतरावर ठेवायचे. एक मुलगी पहिल्या फोनजवळ टाळी वाजवते, दोन्ही घड्याळं सुरू होतात. मग दुसरी तिच्या फोनजवळ टाळी वाजवते, दोन्ही थांबतात. दोन फोनमधल्या वेळांचा फरक म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०५८ सेकंद. भागाकार मुलांनीच करायचा.

जानेवारीच्या गार सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी दोनदा करून बघा. १० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३३७ मीटरच्या आसपास, ३८ अंशांना ३५४. व्हरांड्यात शांतता हवी, मधली सुट्टी टाळा. (आमच्याकडे कावळ्यांनी घड्याळ सुरू केलंय.)

आणखी मदत हवी असेल तर टाकाऊतून विज्ञानखेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ मोफत आहेत. मास्तरांनी सांगितलेली सेफ्टी पिनची मोटर तिथे चित्रासह मिळेल. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (संगणकाच्या पडद्यावरचे प्रयोग) मराठीतही आहेत, पण ती प्रयोगानंतर दाखवा. आधी दाखवली की खऱ्या मेणबत्तीची प्रतिमा पोरांना अंधुक वाटते.

---

सातपूर_फिटर

मी शिक्षक नाही, मुलगी दहावीत आहे म्हणून इथे वाचतो. सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. काचेच्या चिपांऐवजी साइनबोर्डवाल्यांकडे अ‍ॅक्रिलिकचे जाड तुकडे मागा, कापून उरलेले पडून असतात. कडा पॉलिश करून घ्या. अपवर्तनांक (किरण किती वाकतो त्याचं माप) १.४९, म्हणजे काचेच्या जवळच. ४५ अंशांत टाकलेला किरण आत साधारण २८ अंशांत वळतो, कोनमापकाने सहज मोजता येतं. लेझर वापरलात तर तो बाकावरच टेकवून ठेवा, मुलांनी डोळे बाकाच्या पातळीला नेऊ नयेत.

तांब्याचा मीटरभर पाइप एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळेल. जाड भिंतीचा घ्या, पातळ पाइपात मजा कमी होते. आधी पाइपाला चुंबक लावून दाखवा, चिकटत नाही. मग आत लोखंडाचा तुकडा सोडा, अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. मग तेवढ्याच आकाराचं निओडिमियमचं, म्हणजे खूप जोरकस, चुंबक सोडा. ते इतकं सावकाश उतरतं की मुलं खालून पाइपात डोकावून बघतात. हार्डडिस्कमधली चुंबकं मात्र लहान मुलांच्या हातात देऊ नका, दोन एकमेकांवर आदळली तर बोट चिमटतं. आणि काहीही झालं तरी प्लगमधली वीज प्रयोगाला वापरू नका, सगळं सेलवर.

माझ्याकडे पाइपाचे तुकडे आहेत, शाळेसाठी पैसे नकोत.

---

म्हसरूळची_मॅडम

मास्तर, बर्फात आमचा थर्मामीटर बरोबर शून्यावर. म्हणजे ९८ पक्के. मुलांनी ते वहीत लाल पेनाने लिहिलंय, मी सांगितलं नव्हतं.

चष्मेवाल्याने बारा काचा दिल्या. शाळेच्या नावाने पावती मागितली तर त्याने विचारलं, ‘शाळेतल्या सगळ्यांनाच प्लस पाच लागला का?’ पेटीवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. दादा, शनिवारी सकाळची शाळा असते, सुटल्यावर साडेअकराला सातपूरला येऊ का? अ‍ॅक्रिलिकच्या कडा तुमच्याकडे पॉलिश होतील का, तेही सांगा, म्हणजे तुकडे सोबत घेऊनच येते.