मुलींच्या शाळेत ‘सगळ्या सारख्याच’ असतात का?

लालबागची_बाई
‘आमच्या शाळेत जात कधी दिसलीच नाही’ हा गेल्या आठवड्यात येथे आलेला लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चिडले. मुलींच्या शाळांनी विविधता-समावेश सप्ताह साजरे करणे हे परदेशी खूळ आहे, एक गणवेश, एक प्रार्थना आणि लाल रिबिनींच्या दोन वेण्या एवढ्यावर आमच्या पिढीतील मुली एक झाल्या होत्या, असे लेखिकेचे म्हणणे आहे. सप्ताहांचे कौतुक मलाही नाही. एकीला नऊवारी नेसवायची, दुसरीला शरारा घालायचा, छायाचित्रे काढायची आणि सोमवारपासून मागील पानावरून पुढे चालू, हे मी शिक्षिका म्हणून जवळून पाहते. पण शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना ‘कॅटेगरीच्या मुलींनी उभे राहा’ असे भर वर्गात सांगितले जाते, तेव्हा ज्या मुली बसून राहतात त्यांनाच पुढे आयुष्यभर जात दिसत नाही. उभ्या राहिलेल्या मुलींना विचारून पाहा.

ठाकूरद्वारची
लेख माझा असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. मी माझ्या शाळेबद्दल लिहिले, साऱ्या मुंबईचा पंचनामा केला नाही. आमच्या बाकावर गिरणी कामगाराची मुलगी आणि वकिलाची मुलगी शेजारी बसत आणि कोणाचे वडील काय करतात हे आम्हाला मॅट्रिकपर्यंत ठाऊक नसे. मुंबईत १८४९ साली मुलींच्या शाळा निघाल्या. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सोसायटीने समाजाचा रोष पत्करून त्या चालवल्या, तेव्हा भिंतीवर समावेशाचे फलक लागले नव्हते. मुलीला घरी आणि गल्लीत रोज जिची आठवण करून दिली जाते ती जात निदान पाच तास विसरता यावी, यासाठी शाळा असते.

लालबागची_बाई
त्याच सोसायटीने मराठी मुलींसाठी वेगळ्या आणि पारशी मुलींसाठी वेगळ्या शाळा काढल्या होत्या, हेही लेखात यायला हवे होते. आणि जात विसरण्याबद्दल म्हणाल, तर पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या मुलीला कोणी ‘इथे सगळ्या सारख्याच, हा विषय नको’ असे सांगितले असते, तर तो निबंध लिहिलाच गेला नसता.

वेसावकरीण
आपण दोघी इतिहासात रमला आहात म्हणून मध्येच बोलते. माझी मुलगी अंधेरीच्या एका मुलींच्या शाळेत सहावीत आहे. जूनमध्ये डायरीत छापील सूचना आली, ‘डब्यात मांसाहारी पदार्थ आणू नयेत’. आमच्या घरी पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागल्यावर, सुकट आणि सुके बोंबील हेच जेवण असते. एकदा सुकटीची चटणी आणि भाकरी नेली, तर बाईंनी तिला व्हरांड्यात बसून खायला लावले. वर्गावर नाकाला रुमाल लावण्याची वेळ येऊ नये, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. तेव्हापासून ती जॅम-पोळीच मागते. त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य मात्र दरवर्षी असते आणि टोपल्या, लुगडी आमच्याच घरून जातात.

ठाकूरद्वारची
मुलीला व्हरांड्यात बसवणे गैरच होते. परंतु बंद वर्गात साठ मुली जेवतात, त्यांतल्या काहींना त्या वासाने जेवण जात नाही, त्यांच्या संस्कारांचा विचार करायचा की नाही? खासगी संस्थेला काही शिस्त ठेवण्याचा अधिकार असतो. समावेश म्हणजे एकाच बाजूने सोसायचे, असे नव्हे.

लालबागची_बाई
मग सोसणारी बाजू नेहमी तीच कशी निघते? शिळ्या लसणीच्या फोडणीचा, लोणच्याचा, हिंगाचा वास कोणाला आल्याचे मी ऐकलेले नाही. शिस्त हा शब्द फक्त बोंबलासाठी राखून ठेवलेला दिसतो.

ठाकूरद्वारची
आपण मला आडून जातीयवादी ठरवत आहात.

लालबागची_बाई
तो शब्द आपण उच्चारलात, मी नव्हे.

चाळ_नंबर_चार
डब्याचे काय घेऊन बसलात? मराठी माध्यमाच्या मुलींच्या शाळा एकेक करून बंद पडत आहेत, तुकड्या कमी होत आहेत, शिक्षक अतिरिक्त ठरत आहेत. शाळाच उरली नाही तर समावेश कोणाचा करणार? येथे तावातावाने लिहिणाऱ्या किती जणांनी स्वतःची मुलगी किंवा नात मराठी शाळेत घातली आहे, ते आधी सांगावे.

वेसावकरीण
मी घातली आहे. वर लिहिले ती शाळा मराठी माध्यमाचीच आहे. आता डब्याबद्दल बोलू का?

निवृत्त_मुख्याध्यापिका
डबा हा किरकोळ मुद्दा नाही, म्हणून त्यावरच लिहिते. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यावे आणि जे खात नाहीत त्यांना केळे किंवा अन्य फळ द्यावे, असा निर्णय राज्याने २०२३ साली घेतला होता. तो पुरता अंगवळणी पडण्याआधीच, २०२५ च्या जानेवारीत, त्याचा खर्च शासनाने थांबवला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या दोन्ही मुलींची सोय त्या निर्णयात होती, हे महत्त्वाचे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, तरीही तेथे राहणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपले आचार पाळण्याची मोकळीक त्यांनी ठेवली होती. आपल्याला न पटणाऱ्या सोवळ्यालाही त्यांनी जागा दिली. आपल्याला एका चटणीला जागा देता येत नाही. अर्थात, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून पाहिल्याशिवाय शाळांना दोष देणे सोपे असते, हेही नोंदवते. अशी सूचना बहुधा मुख्याध्यापिकेच्या डोक्यातून निघत नाही. चार पालक संस्थेच्या कार्यालयात जातात आणि विश्वस्त आमच्याकडे कागद पाठवतात. वेतनेतर अनुदान वेळेवर मिळत नाही, त्यामुळे बाके आणि पंखे देणाऱ्या पालकांना कोण दुखावणार?

भायखळ्याची_आई
आम्ही कोकणातले मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. माझ्या मुलीच्या पहिल्याच पालकसभेत वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला कळते. मुलीने मात्र टॅक्सीत विचारले, ‘आई, आपलं मराठी छान का नसेल?’ ठाकूरद्वारताई, आपण म्हणता ते पाच तासांचे विसरणे तिच्या वाट्याला कधी येणार? विसरायचे ठरवले तरी समोरची व्यक्ती आठवण करून देतेच, तीही हसतमुखाने.

ठाकूरद्वारची
हे वाचून वाईट वाटले. परंतु शिक्षिकांनी कौतुकही तोलून-मापून करायचे ठरवले, तर त्या बोलायच्याच थांबतील. आमच्या बाईंनी आम्हाला किती टोमणे मारले, त्याने आमचे काही बिघडले नाही.

लालबागची_बाई
‘आमचे काही बिघडले नाही’ हे वाक्य बिघडले नाही तेच म्हणतात. आणि कायद्याचे बोलू. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांमधून वंचित घरांतील मुली खासगी शाळांत येऊ लागल्या, तेव्हा अनेक संस्थांनी शासन शुल्काची प्रतिपूर्ती करत नाही, अशी तक्रार केली, आणि ती खरीही आहे. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली, तेव्हा संस्थाचालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. मुंबईत एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा कोठे नसते? ती सूट टिकली असती, तर या शहरातील पंचवीस टक्के कागदावरच उरले असते. वर्गात सगळ्या सारख्या दिसाव्यात याचा एक सोपा मार्ग म्हणजे वेगळ्यांना आतच न घेणे.

ठाकूरद्वारची
त्या सवलतीचे समर्थन मी केलेले नाही, करणारही नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज मुलींना एकेक करून कार्यालयात बोलावून द्यावेत, हेही मान्य. ही साधी बाब आमच्या काळी सुचायला हवी होती. डब्याची सूचनाही, आपल्या सर्वांच्या आग्रहास्तव, मागे घेतली जावी. फक्त त्या दिवशी पंखे चालू असावेत, एवढी सवलत माझ्या नाकाला मिळावी. सप्ताह मात्र खूळ आहे, यावर मी ठाम आहे.

लालबागची_बाई
सप्ताह खूळ आहे, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. आपण तेवढे वाचले असते, तर निम्मा धागा वाचला असता.

निवृत्त_मुख्याध्यापिका
वेसावकरीणबाई, आपली शाळा अनुदानित असेल, तर तेथे कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. ती सूचना समितीपुढे आली होती का, एवढेच लेखी विचारा. उत्तर लेखी मागायला विसरू नका.

वेसावकरीण
अनुदानितच आहे. समितीची बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता असते आणि त्या वेळी मी बाजारात पाटीसमोर बसलेली असते. तेव्हा पहिला अर्ज बैठकीची वेळ बदलण्यासाठी करते, डब्याचा दुसरा.