बाटलीवर गावाचे नाव असेल, तर द्राक्ष कोणते हे ओळखायचे कसे?

प्रश्न:
नाशिकची वाइन घेताना बाटलीवरचे शेनिन ब्लाँ किंवा शिराझ हे द्राक्षाच्या जातीचे नाव वाचून निवड करण्याची मला सवय आहे. पॅरिसच्या एका दुकानात मात्र शाब्ली, सांसेर, बोर्दो अशी नुसती गावांची आणि प्रदेशांची नावे दिसली. शार्दोने मागितल्यावर दुकानदाराने शाब्ली पुढे केली, पण त्या बाटलीवर शार्दोने हा शब्द शोधूनही सापडला नाही. द्राक्षाचे नाव न छापण्यामागे काही कारण आहे का?

प्रतिसाद १:
शाब्ली या नावाने विकली जाणारी वाइन केवळ शार्दोनेचीच असावी असा नियम असल्यामुळे तिथे गावाचे नाव सांगितले की द्राक्ष सांगून झालेच, असे धरले जाते. फ्रान्समध्ये १९३५ साली कायद्याने जी पद्धत उभी राहिली, तिच्यात प्रत्येक नावामागे क्षेत्राची हद्द, लावायच्या जाती आणि हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. जात तीच असली तरी माती, उतार आणि हवा बदलली की चव बदलते, ही त्यामागची धारणा आहे. शाब्लीच्या चुनखडीच्या मातीत आणि थंड हवेत वाढलेले शार्दोने कॅलिफोर्नियातल्या उबदार भागातल्या शार्दोनेपेक्षा सहसा बरेच आंबटसर आणि हलके लागते. आपण ‘देवगडचा हापूस’ म्हणताना निदान जात तरी सांगतो. फ्रेंच माणूस ‘देवगड’ म्हणून थांबतो, एवढाच फरक.

प्रतिसाद २:
शिवाय कित्येक वाइन एका जातीच्या नसतातच. बोर्दोच्या रेड वाइनमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो आणि इतर जातींचे मिश्रण असते; जिरोंद खाडीच्या डाव्या बाजूला सहसा पहिलीचे प्रमाण अधिक, तर उजव्या बाजूला दुसरीचे. अशा बाटलीवर एकच जात छापणे दिशाभूल करणारे ठरेल.

प्रतिसाद ३:
मात्र हा नियम साऱ्या युरोपला लावू नये. फ्रान्सच्याच आल्झास प्रदेशात आणि जर्मनीत रीसलिंगसारखी जातीची नावे सर्रास छापतात. इटलीत तर चकवाच आहे: ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’ यातले मोंतेपुल्चानो हे द्राक्ष, पण ‘व्हीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’ यातले मोंतेपुल्चानो हे तोस्कानातले गाव, आणि त्या गावच्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष असते सांजोव्हेझे. त्यामुळे सुरुवातीला पाचसहा नावे पाठ करणे हाच मार्ग: इटलीतली बारोलो म्हणजे नेब्बिओलो, स्पेनमधल्या रिओहाच्या रेड वाइनमध्ये प्रामुख्याने तेम्प्रानियो, सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ.

प्रश्नकर्ता:
आपण सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ असे लिहिले आहे. पण त्याच दुकानात मी सांसेरची रेड वाइनही पाहिली होती, ती कशाची?

प्रतिसाद ३:
चूक माझी, ‘पांढरी सांसेर’ असे लिहायला हवे होते. त्याच नावाची रेड आणि रोझे (गुलाबी) वाइन पिनो न्वारची असते.