मदत हवी आहे : जपानी क्रियापदांआधी नि, दे की ओ?

डिसेंबरमध्ये जेएलपीटीची (जपानी भाषेची परीक्षा) एन४ ही पातळी द्यायची आहे. कांजी (चिनी लिपीतली अक्षरं) रेटून होतायत, पण क्रियापदाआधी कुठला पार्टिकल (आपल्या विभक्तिप्रत्ययासारखा नामाला जोडायचा शब्द) लावायचा तिथे गाडी अडते.

काही ठिकाणी मराठीच कामाला येते. 'मला जपानी कळतं' तसंच 'निहोंगो गा वाकारु'. तो 'गा' समजावायला इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं घालवतात.

घोळ आहे तो 'ला'चा. मित्राला भेटणे 'तोमोदाचि नि आउ', शिक्षकांना विचारणे 'सेन्सेइ नि किकु', इथवर ठीक. पण आईला मदत करणे मात्र 'हाहा ओ तेत्सुदाउ'!

'त'चंही तेच. तोक्योत राहतो 'तोक्यो नि सुन्दे इमासु', तोक्योत काम करतो 'तोक्यो दे हाताराइते इमासु'. असणं-राहणं तिथे नि, काही करणं तिथे दे, असं बसवलं होतं. तेवढ्यात 'काइशा नि त्सुतोमेते इमासु' (कंपनीत नोकरी करतो) आलं. नोकरी करणं म्हणजे काम करणंच ना?

आणि बसमध्ये चढताना 'बासु नि नोरु', उतरताना 'बासु ओ ओरिरु'. उतरण्याला कर्म कसलं?

यात काही सूत्र आहे की सरळ घोकायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
ओ म्हणजे दरवेळी कर्म नव्हे. जी जागा सोडली किंवा पार केली तिलाही ओ लागतो : 'इए ओ देरु' (घरातून निघणे), 'हाशि ओ वातारु' (पूल ओलांडणे). पण डोळ्यांतून पाणी येतं तेव्हा 'मे कारा नामिदा गा देरु'. अश्रू ठरवून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे तिथे ओ चालत नाही.

त्सुतोमेरुमध्ये भर तुम्ही कुठल्या कंपनीत आहात यावर, काय करता यावर नाही, म्हणून नि. तेत्सुदाउ मात्र पाठच करा. त्याला माणूसही ओ-नेच जोडतात आणि कामही : 'शुकुदाइ ओ तेत्सुदाउ', गृहपाठात मदत करणे. वहीत नुसतं 'ओरिरु' लिहू नका, 'बासु ओ ओरिरु' असं अख्खं लिहा.

धागाकर्ता
वा, देरुचं डोक्यात शिरलं! मग 'यामा नि नोबोरु' आणि 'यामा ओ नोबोरु' दोन्ही दिसतं, ते?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर. नि म्हटलं की नजर माथ्यावर, ओ म्हटलं की चढणीवर. परीक्षेत सहसा नि येतो.