हॉलच्या टीव्हीवर नकाशे दिसायला हवेत

गुरुवार, रात्री ८:१२

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता विशेष सर्वसाधारण सभा, विषय पुनर्विकास. आर्किटेक्ट नवीन इमारतीचे नकाशे हॉलमधल्या टीव्हीवर दाखवणार आहेत. आज ऑफिसचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडून बघितला. साडेचारशे रुपयांचा कन्व्हर्टर आणला, वायरी नीट बसल्या, पण टीव्हीवर 'नो सिग्नल' जात नाही. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

बी-३०४ काकू: टीव्ही बंद करून परत लावलात का?

सेक्रेटरी: चारदा. इनपुटही बदलून पाहिले, एक आणि दोन दोन्ही.

ए-२०४ काका: सेक्रेटरीसाहेब, काहीही करून जमवा. मागच्या सभेत नकाशाचा कागद हातोहात फिरवला. माझ्यापर्यंत आला तेव्हा माझा फ्लॅट कुठे, बेडरूम किती बाय किती, काही वाचता आलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. न वाचता हात वर करायला मन होत नाही.

सी-५०३ ताई: सेक्रेटरीकाका, तीन फोटो टाका. कॉम्प्युटरची मागची बाजू, टीव्हीची मागची बाजू आणि त्या कन्व्हर्टरची दोन्ही टोकं. तोवर कृपया आणखी काही विकत आणू नका. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ड्रॉवरभर कन्व्हर्टर पडून आहेत, सगळे अंदाजाने आणलेले.

सेक्रेटरी: (फोटो) (फोटो) (फोटो)

सी-५०३ ताई: आलं लक्षात. कॉम्प्युटरवरचं निळं, १५ भोकांचं सॉकेट म्हणजे व्हीजीए. १९८७ सालातलं, ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचा सिग्नल देणारं. टीव्हीला आहे एचडीएमआय, ते डिजिटल. मध्ये कन्व्हर्टर लागणार हे बरोबर, पण तुम्हाला दिलाय तो उलट्या दिशेचा. तो एचडीएमआयकडून घेतो आणि व्हीजीएला देतो, म्हणजे नवीन लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडायचा असेल तर. आपल्याला व्हीजीएकडून निघून एचडीएमआयकडे जायचंय. व्हीजीएची वायर लावली की टोकं सगळी बसतात, म्हणूनच फसायला होतं. आतली चिप मात्र एकाच दिशेने काम करते.

सेक्रेटरी: अगं, दुकानदाराला मी दोन्ही नावं सांगितली होती.

सी-५०३ ताई: नावं बरोबरच सांगितलीत काका. आधी कुठलं आणि नंतर कुठलं, यावर सगळं आहे. दुकानात 'कॉम्प्युटरला हे आहे आणि टीव्हीला हे आहे' असं सांगायचं, आणि फोटोच दाखवायचे.

खजिनदार (बी-१०२): मग उद्या सुलट दिशेचा आणायचा का? व्हाउचर करतो.

सी-५०३ ताई: थांबा जरा. फोटो मोठा करून बघतेय. निळ्याच्या शेजारी एक चपटं सॉकेट दिसतंय, त्याचा एकच कोपरा छाटलेला आहे. एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे तिरके असतात. एकच तिरका म्हणजे डिस्प्लेपोर्ट, चित्र बाहेर देणारं दुसरं डिजिटल सॉकेट. त्याच्यावर इंग्रजी डी-पीची खूण आणि पुढे दोन अधिकची चिन्हं आहेत का, बॅटरी मारून बघा ना.

सेक्रेटरी: खाली जाऊन आलो. आहेत. दोन अधिक.

सी-५०३ ताई: मग व्हीजीएचा नादच सोडा! त्या दोन अधिकचा अर्थ असा की हा पोर्ट एचडीएमआयचे सिग्नलही स्वतःच देऊ शकतो. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी सरळ वायर मिळते, तेवढी बास. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्याची वेगळी वायर ओढावी लागली असती. यातून आवाजही जातो. आणि काकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, अक्षरं स्वच्छ दिसतील. ॲनालॉगमधून फिरून आलेल्या चित्रात नकाशाच्या बारीक रेघा किंचित पुसट होतात.

पण ही वायरसुद्धा एकेरी आहे हं. डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरलाच.

शुक्रवार, सकाळी ९:३०

सी-१०३ दादा: मी दुपारी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाणार आहे, वायर घेऊन येतो. १५ मीटरची आणू का? टेबल हॉलच्या मागच्या भिंतीला असतं.

सी-५०३ ताई: नको दादा. टेबल टीव्हीखाली आणा, वायर लांबवू नका. साधी तांब्याची वायर जितकी लांब, तितका सिग्नल क्षीण. चित्र लुकलुकतं, मध्येच काळं होतं, आणि ते नेमकं सभेत होतं. १५ मीटरच हवी असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी, घेतलेली बरी, पण ती महाग. तीन मीटर भरपूर झाली.

सी-१०३ दादा: सोन्याचा मुलामा, ८के वगैरे लिहिलेली घेऊ का?

सी-५०३ ताई: आपला टीव्ही फुल एचडी आहे. त्याच्या चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिटच्या आसपास डेटा लागतो. ८केवाली अल्ट्रा हायस्पीड वायर ४८ गिगाबिटची असते, सोसायटीचे पैसे तिथे कशाला घालायचे? सोन्याच्या मुलाम्याने टोक गंजत नाही हे खरं, पण चित्र उजळत नाही. टोक घट्ट बसतंय ना, वायर मानेपाशी मजबूत आहे ना, एवढं हाताने तपासा.

डी-४०२: वायर कशाला, वायरलेस करा की. आमच्या घरी मोबाइलवरून टीव्हीवर जातं.

सी-५०३ ताई: घरी छान चालतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला वायफायच नाही. आणि सभेत नकाशा अर्धा येऊन थांबला तर ६० माणसं ताटकळतील. वायरच बरी.

सेक्रेटरी: आर्किटेक्टच्या ऑफिसमधून फोन होता. ते स्वतःचा लॅपटॉपही आणणार, त्याला फक्त टाइप-सी आहे. टाइप-सीची वायर कुठलीही चालते ना?

सी-५०३ ताई: नाही काका, इथेच बहुतेक जण अडकतात. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार. काही पोर्टमधून नुसतं चार्जिंग आणि डेटा जातो, काहींतून चित्रही जातं. चार्ज होतंय म्हणजे टीव्हीवर दिसेलच असं नाही. त्यांना विचारा, पोर्टजवळ डी-पीची किंवा विजेच्या बाणाची खूण आहे का. बाण म्हणजे थंडरबोल्ट नावाचा वेगवान पोर्ट, तिथे चित्र येतंच. खूण नसेल तर मॉडेलची माहिती बघायला सांगा, कारण बऱ्याच कंपन्या खूण छापतच नाहीत. नाहीतर पेन ड्राइव्हवर पीडीएफ आणू दे, आपण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडू.

बी-३०४ काकू: विषय निघालाच आहे तर विचारते गं. माझा लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयने जोडलाय. नातू टीव्हीएवढा मोठा दिसतो, पण बोलतो मात्र लॅपटॉपमधून. आणि खालची पट्टी अर्धी कापली जाते.

सी-५०३ ताई: काकू, लॅपटॉपवर खाली उजवीकडे स्पीकरची खूण आहे, ती दाबून आवाज कुठे जावा तिथे टीव्हीचं नाव निवडा. पट्टी कापली जाते कारण टीव्ही चित्र थोडं फुगवून दाखवतो, जुन्या प्रसारणापासूनची सवय आहे ती. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं.

सेक्रेटरीकाका, हॉलच्या टीव्हीलाही हे करायचंय. नाहीतर नकाशाच्या कडेची मापं आणि खालचा तक्ताच कापला जाईल.

डी-००२ आजी: माझा डबा टीव्ही आहे, त्याला लाल-पांढरी-पिवळी भोकं. त्यावर सभा घरबसल्या दिसेल का?

सी-५०३ ताई: आजी, एचडीएमआयकडून एव्हीकडे, म्हणजे तुमच्या त्या तीन भोकांकडे, जाणारा कन्व्हर्टर मिळतो, माणसं दिसतील. पण त्या टीव्हीत रेघाच कमी, नकाशावरची अक्षरं लागणार नाहीत. तुम्हाला हॉलमध्ये न्यायला मी येते. तुमच्या तळमजल्यावरून हॉल चार पावलांवर आहे, पहिल्या रांगेत बसा.

ए-२०४ काका: एक सांगतो, टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली म्हणून. हॉलमध्ये त्या टीव्हीच्या मागे हात लावला की झिणझिण्या येतात, मला मागच्या गणपतीत आल्या होत्या. कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावा. तीन पिनांच्या प्लगची एक पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालू नका. आणि वायर लावताना दोन्हीचे स्विच बंद.

सी-५०३ ताई: काका, हे फार बरं सांगितलंत. झिणझिण्या म्हणजे गळती करंट, आणि तो कधी कधी पोर्टही जाळतो. त्या सॉकेटचं अर्थिंग उद्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायलाच हवं.

सेक्रेटरी: सांगतो त्याला. सकाळी ११ ला.

शनिवार, संध्याकाळी ७:०५

सेक्रेटरी: सॉकेटची अर्थिंगची तार सुटलेली होती, इलेक्ट्रिशियनने जोडली. नवी वायर लावली. टीव्ही काळाच.

सी-५०३ ताई: जुनी व्हीजीएची वायर आणि मॉनिटर लावलेला आहे ना? मग चित्र फक्त तिकडेच जात असेल. कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून पी दाबा, 'डुप्लिकेट' निवडा.

सेक्रेटरी: आलं!!! (फोटो)

सी-५०३ ताई: कडा कापल्यात. पिक्चर साइझ बघा. आणि रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले ठिपके, १९२० बाय १०८० आहे का?

सेक्रेटरी: मॉनिटरमुळे कमी होतं. आता पी दाबून 'फक्त दुसरी स्क्रीन' केलं, १९२० झालं. कडाही नीट. आर्किटेक्टनी पीडीएफ पाठवली होती ती उघडलीये. ए-२०४ काका इथेच आहेत, शेवटच्या रांगेत बसवलंय.

ए-२०४ काका: दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडचा फ्लॅट. बेडरूम १० फूट बाय ११ फूट. किचनला खिडकी दाखवलेली नाही. हे उद्या विचारायचं, लिहून ठेवा.